तर्री, बटर आणि मोठा ग्लास : बाहेरच्या खाण्यातल्या कॅलरींविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी बाहेरच्या खाण्याबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. गाडीगणिक वड्याचा आकार बदलतो आणि तेलही, त्यामुळे पदार्थांच्या कॅलरींचे आकडे अंदाजे समजावेत.

प्रश्न : माझी नोकरी बैठी आहे. ऑफिसातून परतताना स्टेशनबाहेर रोज एक वडापाव आणि कटिंग होतो. वर्षभरात पोट सुटलं आहे. एका वडापावाने एवढा फरक पडतो का? (डोंबिवली)

एक मध्यम वडापाव म्हणजे २५० ते ३०० कॅलरी. बैठं काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला साधारण २१०० कॅलरी लागतात, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेलं प्रमाण आहे. म्हणजे तुमचा वडापाव दिवसाच्या गरजेचा सातवा-आठवा हिस्सा झाला. तेवढ्याने पोट सुटत नाही. पण साडेसहाला वडापाव खाऊन तुम्ही नऊ वाजता नेहमीच्याच चार पोळ्या, भाजी आणि वरणभात जेवत असणार. मग या कॅलरी रोज वरच्या वर साठत जातात.

शिवाय कागदात नेमकं काय काय येतं तेही बघा. एक ग्रॅम पिठातून किंवा साखरेतून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेलातून ९. वड्यातला उकडलेला बटाटा बिचारा साधा असतो, तेल पितं ते बाहेरचं बेसन. आणि चुरा म्हणजे तर नुसत्या बेसनाचे तळलेले थेंब, आत बटाटाही नाही. ‘भैया, थोडा चुरा डालना’ म्हणून पावात दाबून घेतलेला मूठभर चुरा सहज शंभरावर कॅलरी वाढवतो. तो आधी बंद करा. सुकी चटणी आणि एखादी मिरची राहू द्या, चव तिथेच आहे.

मला जास्त काळजी तुमच्या दुपारच्या डब्यानंतरच्या लांबलचक रिकाम्या वेळाची वाटते. एक वाजता जेवलेला माणूस साडेसहाला भुकेने कळवळलेलाच असणार, तेव्हा तळणीच्या वासापुढे कुणाचं काही चालत नाही. पाच वाजता ऑफिसातच मूठभर फुटाणे किंवा एक केळं खा. मग वडापाव आठवड्यातून दोनदा आवडीने खा आणि त्या रात्री भात सोडा.

प्रश्न : मिसळ मोड आलेल्या मटकीची असते, म्हणून आम्ही दर रविवारी नाश्त्याला बाहेर मिसळच खातो. ती फास्ट फूडमध्ये धरायची का? (नाशिक)

मटकीबद्दल तुमचं बरोबर आहे. प्रथिनं आहेत, चोथा आहे, पोट बराच वेळ भरलेलं राहतं. गाडीवरच्या खाण्यात मिसळ मला त्यासाठीच आवडते. मात्र पुढ्यात आलेल्या ताटलीत मटकी किती आहे ते एकदा चमच्याने ढवळून पाहा. बऱ्याच ठिकाणी तळाला दोन डाव उसळ, त्यावर डोंगरभर फरसाण आणि त्यावर लाल तर्री, असा थाट असतो.

फरसाण तळलेलं बेसन असल्याने १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी जातात, म्हणजे तीस ग्रॅमच्या मुठीला १६०. तर्रीचा लाल थर हे तेलच. एक मोठा चमचा पोटात गेला तर १२० कॅलरी गेल्या, आणि तिखट लागतं म्हणून पावाने तो थर आपण नेमका टिपून घेतो. एका पावाचे सव्वाशे धरा. दोन पाव, मग ‘अजून एक जोडी आणा’, जादा रस्सा, वर पापड. अशी मिसळ सातशेचा आकडा आरामात ओलांडते.

यात बदल करणं अवघड नाही. फरसाण वेगळ्या वाटीत मागा, म्हणजे हाताने दोन चिमटी घालता येतं आणि शेवटपर्यंत कुरकुरीतही राहतं. उसळ मात्र जादा मागा, त्यासाठी वेगळे पैसे पडले तरी द्या. रस्सा घेताना डाव खालून फिरवून घ्या. पाव दोनच. सोबत पातळ ताक आणि भरपूर कांदा-लिंबू. एवढं जमलं, तर रविवारची मिसळ बंद करायचं कारण मला दिसत नाही. फक्त तो नाश्ता न धरता जेवण धरा आणि दुपारी भूक लागेल तेव्हाच, हलकं खा.

प्रश्न : मॅडम, बर्गरच्या दुकानात हल्ली पदार्थापुढे कॅलरी लिहिलेल्या असतात. त्यांचं नेमकं काय करायचं? मी हॉस्टेलवर राहते. (पुणे)

दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या उपाहारगृहांनी मेनूवर कॅलरी छापायच्या, असा आपल्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आहे आणि जुलै २०२२ पासून तो लागू झाला. ही माहिती तुमच्यासाठीच आहे, तेव्हा ऑर्डर देण्याआधी वाचायची सवय लावून घ्या.

वाचताना आधी बघा, आकडा कशाचा आहे. तो बहुधा एकट्या बर्गरचा असतो. काउंटरवर ‘कॉम्बो करू का?’ असं विचारतात तेव्हा साडेतीनशेच्या बर्गरला तीनशेच्या पुढचे फ्राइज आणि कोला चिकटतो. साध्या कोलाच्या १०० मिलीत दहा-अकरा ग्रॅम साखर असते. बर्फ वगळून ३०० मिली धरला तरी सहा चमचे साखर आणि १३० कॅलरी झाल्या, आणि त्याने भूक काही भागत नाही. मला एकच गोष्ट सोडायला सांगायची असेल, तर मी ग्लास सोडायला सांगेन. पाणी घ्या. त्यानंतर मेयोनीज. ते मुख्यत्वे तेलाचंच असतं. सॅलडवर ते भरपूर ओतलं, तर सॅलड साध्या बर्गरच्याही पुढे जातं.

मेनूवरच्या बारीक ओळीत २००० कॅलरींची गरज लिहिलेली असते, तो हिंडत्याफिरत्या प्रौढ माणसाचा सरसकट आकडा आहे. बैठी दिनचर्या असलेल्या ५५ किलोच्या स्त्रीची गरज १६६० च्या आसपास येते. हजाराचा कॉम्बो तुमच्या दिवसाचा निम्म्याहून मोठा भाग खातो, हे त्यावरून लक्षात येईल.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. मोबाइलच्या अ‍ॅपवर प्रत्येक घासाच्या कॅलरी लिहिते, बाराशेच्या वर जायचं नाही म्हणते. मैत्रिणींबरोबर पाणीपुरी खायलाही जात नाही. कौतुक करावं की रागवावं, कळत नाही. (सातारा)

ताई, दोन्ही नको. पण हे थांबवायला हवं, आणि लवकर. तेरा ते पंधरा वयाच्या मुलीची दिवसाची गरज सुमारे २४०० कॅलरी आहे. ती त्याच्या निम्म्यावर जगते आहे, तेही हाडं आणि रक्त भरून निघण्याच्या वयात. वजन, जाडी, ‘आज किती खाल्लंस’ हे विषय घरात काढू नका, नातेवाइकांनाही काढू देऊ नका. तुम्ही सगळे जे जेवाल, तेच तिच्या ताटात वाढा आणि तिच्यासोबत बसून जेवा. पाळी चुकते आहे, केस गळताहेत, चक्कर येते किंवा जेवल्या जेवल्या ती बाथरूममध्ये जाऊन दार लावते, असं काही दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि मानसोपचारतज्ज्ञांचीही वेळ घ्या. काही दिसलं नाही, तरी महिनाभरात एकदा तपासून घ्या. कॅलरी मोजणं हे प्रौढांसाठीचं साधन आहे, वाढत्या मुलांच्या हाती ते देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : संध्याकाळी वडे-भजी झाली, तर एक तास चालून ती भरून निघतील ना? (ठाणे)

साठ-सत्तर किलोच्या माणसाने तासभर भरभर चाललं, तर अडीचशे ते तीनशे कॅलरी खर्च होतात. एक वडापाव निघेल. प्लेटभर भजी आणि वर चहा निघणार नाही. चाला जरूर, पण हृदयासाठी आणि झोपेसाठी. हिशेब ताटातच करा.

प्रश्न : मला मधुमेह आहे, वय ५८. गोळ्या चालू आहेत. नातवंडांबरोबर संध्याकाळी पावभाजी खाल्ली, की रात्री जेवत नाही, म्हणजे कॅलरी जुळतात. हे बरोबर आहे का? (छत्रपती संभाजीनगर)

काका, कॅलरी जुळतील, साखर जुळेलच असं नाही. काही गोळ्या आणि इन्सुलिन रक्तातली साखर खाली ओढतात. त्या घेऊन रात्री काहीच खाल्लं नाही, तर पहाटे साखर फार उतरू शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. तसं वाटलं, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा आणि कमीच असेल तर पुन्हा घ्या. तुमच्या गोळ्या त्या प्रकारच्या आहेत का, हे डॉक्टरांना नावानिशी विचारा.

पावभाजीचं म्हणाल, तर तव्याजवळ उभे राहा. भाजी घोटताना बटर, पाव मधोमध चिरून भाजताना बटर, वाढताना वरून पुन्हा एक तुकडा. तीन ठिकाणी मिळून तीन मोठे चमचे म्हणजे तीनशे कॅलरी एकट्या बटरच्या. ‘पाव कोरे भाजा, वरचं बटर नको’ एवढं सांगितलंत, तर दोनशे तिथेच वाचतात. पाव दोनऐवजी एक घ्या, सोबत काकडी-कांदा जास्त. आणि रात्री उपाशी न झोपता नेहमीच्या वेळी एक भाकरी आणि वाटीभर वरण किंवा उसळ घ्या. पावभाजीच्या दिवशी जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासून वहीत मांडा, आणि ती वही पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.