‘माझा विश्वास कमी पडला म्हणून माझा मुलगा गेला का?’

त्या बाई माझ्याकडे, म्हणजे चर्चच्या पाळकाकडे (धर्मगुरूकडे), आल्या तेव्हा त्यांच्या मुलाला जाऊन चार महिने झाले होते. आल्या म्हणण्यापेक्षा त्यांच्या जाऊबाईंनी त्यांना आणले होते, आणि पाळकनिवासाच्या ओसरीवर त्यांना बसवून त्या स्वतः फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. बाई अहिल्यानगर जिल्ह्यातील एका गावात प्राथमिक शाळेत शिकवतात. गावात लहानथोर सगळे त्यांना ‘बाई’च म्हणतात, म्हणून मीही येथे तेच म्हणतो. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत आणि हे लिहिण्यास त्यांची संमती घेतली आहे.

मुलगा एकवीस वर्षांचा होता. डेंग्यूचे निदान झाले, दोन दिवसांत प्रकृती ढासळली आणि त्याला अतिदक्षता विभागात हलवावे लागले. तो तेथे अकरा दिवस होता. त्या अकरा दिवसांत मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, साखळी प्रार्थना चालू होती, तरुण संघातील मुले आळीपाळीने रक्त द्यायला जात होती, महिला मंडळाने उपास धरला होता. याच काळात बाहेरगावचे एक उपदेशक येऊन गेले. त्यांनी घरच्यांना एकत्र बसवून सांगितले की मुलगा बरा झालाच आहे असे आतापासूनच धरून चाला, मनात शंकेचा कणही येऊ देऊ नका. अकराव्या दिवशी पहाटे मुलगा गेला. दफनविधीनंतर नात्यातील कोणीतरी सहज बोलून गेले की घरातल्या कोणाचा तरी विश्वास डळमळला असणार. ज्याने हे म्हटले तो कदाचित दुसऱ्याच दिवशी विसरला असेल. बाईंनी मात्र ते वाक्य चार महिने उराशी धरून ठेवले होते.

पहिल्या भेटीत त्या फारसे बोलल्या नाहीत. प्रार्थना करू का असे मी विचारले तेव्हा त्यांनी मान हलवून नकार दिला, म्हणून मी केली नाही. तिसऱ्या भेटीत मात्र त्या ओसरीच्या पायरीकडे पाहत म्हणाल्या, “पाळकसाहेब, मी शर्ट काढून ठेवला होता.”

मला समजले नाही. मग त्यांनी सावकाश सांगितले. नवव्या रात्री त्या कपडे बदलायला घरी आल्या होत्या. कपाट उघडले तेव्हा मुलाचा पांढरा शर्ट समोर दिसला, मागच्या नाताळला शिवलेला. त्यांनी तो हँगरवरून काढला, पलंगावर पसरला, कॉलर सरळ केली, आणि त्याला शेवटचा हाच घालू असा विचार मनात आला. क्षणभरातच त्या दचकल्या, शर्ट घाईघाईने परत कपाटात टाकला आणि रात्रभर देवाची क्षमा मागत बसल्या. “सगळी मंडळी विश्वास धरून होती, आणि मी आई असून त्याची तयारी करत होते. ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे’ असं प्रभू येशू म्हणतो ना? मग माझ्या अविश्वासानं काय केलं असेल?”

हा प्रश्न एकट्या बाईंचा नाही. शब्द वेगळे असतात, पण मूल, नवरा, भाऊ अकाली गमावलेली जितकी माणसे माझ्याकडे येतात, त्यांतील बहुतेकांच्या बोलण्याच्या तळाशी हाच गाळ असतो: माझी प्रार्थना कमी पडली, माझ्या पापाचे हे फळ आहे, आणि आता मला देवाचा राग येतो म्हणजे मी उरलासुरला विश्वासही घालवला. म्हणून त्या ओसरीवर आमच्यात जे बोलणे झाले ते येथे थोडे विस्ताराने मांडतो.

बाईंना सर्वप्रथम मी माझी चूक सांगितली. दफनविधीच्या वेळी मी बायबलमधील ईयोबाच्या तोंडचे वाक्य वाचले होते, परमेश्वराने दिले आणि परमेश्वराने नेले. ते वाक्य खरे आहे, पण ते ईयोबाने स्वतःविषयी उच्चारले होते. त्याची मुले गेली असताना दुसऱ्या कोणी येऊन ते त्याला ऐकवले नव्हते. ज्या आईने तोवर स्वतःचा हंबरडाही फोडला नव्हता तिच्या तोंडात मी ते शब्द परस्पर घातले, आणि त्यामुळे तिला वाटले की रडणे म्हणजे देवाशी भांडणे. याची मी त्यांच्याकडे क्षमा मागितली. ईयोबाचे मित्र आले तेव्हा ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचे बिघडले ते बोलायला लागल्यावर, कारण तू काहीतरी केले असशील म्हणून हे घडले, हेच ते फिरवून फिरवून सांगत राहिले. ग्रंथाच्या अखेरीस देव कोपला तो देवाशी वाद घालणाऱ्या ईयोबावर नव्हे, देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर. नात्यातल्या माणसाचे ते वाक्य या मित्रांच्या जातीचे होते, हे बाईंनी ऐकले आणि प्रथमच माझ्याकडे नजर उचलून पाहिले.

मग आम्ही त्यांच्या मूळ प्रश्नाकडे वळलो, आणि त्याला मी घाईने उत्तर दिले नाही, कारण बाई शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणाऱ्या आहेत आणि वरवरच्या समजुतीने त्यांचे समाधान झाले नसते. ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे’ हे प्रभूने बऱ्या झालेल्या माणसांना म्हटले आहे. तुझ्या अविश्वासाने तुझे माणूस मारले, असे त्याने कोणत्याही शोकग्रस्ताला म्हटल्याचे येशूचे जीवन सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत कोठे नाही. नाईन गावच्या वेशीपाशी त्याला एका विधवेच्या एकुलत्या मुलाची प्रेतयात्रा भेटली. त्या बाईने काही मागितले नव्हते, विश्वासाचा एक शब्दही उच्चारला नव्हता. ती रडत होती एवढेच, आणि तिला पाहून त्याला कळवळा आला. दुसरीकडे, भूतबाधा झालेल्या मुलाचा बाप आहे. माझा विश्वास आहे, आणि माझ्या अविश्वासावर तूच काहीतरी कर, असे तो एकाच दमात बोलून गेला. त्याला कोणी परत पाठवले नाही. शंकेचा कणही नको, ही अट त्या उपदेशकांची होती. प्रभूने ती त्या बापाला घातली नाही.

बाईंनी नासरेथचा, म्हणजे येशूच्या स्वतःच्या गावचा, प्रसंग काढला. तेथे लोकांच्या अविश्वासामुळे प्रभूला फारसे काही करता आले नाही, असे शुभवर्तमानकार मार्क लिहितो. प्रश्न रास्त होता. पण त्या गावकऱ्यांनी, हा तर आपल्या ओळखीचा सुतार, असे म्हणून त्याला झिडकारले होते. नऊ रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून त्याचेच नाव घेणारी आई आणि ते गावकरी यांना एका मापाने मोजता येत नाही.

तरीही बाईंच्या मनाला खरोखर स्पर्श केला तो गेथशेमाने बागेतील प्रार्थनेने. तेथे मरणाच्या आदल्या रात्री पुत्र येशूने देवपित्याला विनवले की हा प्याला माझ्यापासून टळू दे, आणि प्याला टळला नाही. मी त्यांना इतकेच विचारले, “बाई, त्या रात्री कोणाचा विश्वास कमी पडला होता?” त्या बराच वेळ गप्प होत्या. जाऊबाई फाटकापासून केव्हा येऊन पायरीवर बसल्या ते आम्हा दोघांनाही कळले नव्हते.

येथे मला पंडिता रमाबाईंची आठवण येते, आणि ती मी बाईंनाही सांगितली. दुष्काळात भुकेने आईवडील गमावलेली ही मुलगी पुढे केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये शेकडो निराधार मुलींची आई झाली. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती सगळे काम सोपवायचे होते, ती त्यांच्या आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. रमाबाईंचा विश्वास कमी पडला म्हणून मनोरमा गेली, असे म्हणायला कोणाची जीभ रेटेल? आणि जे रमाबाईंविषयी म्हणवत नाही ते शाळेतल्या एका बाईविषयी का म्हणावे?

एवढे बोलूनही मुलगा का गेला याचे उत्तर मी दिले नाही, कारण ते माझ्यापाशी नाही. डेंग्यूचा डास कोठे आणि कसा वाढतो हे मला माहीत आहे, एकाच वॉर्डातील दोन रुग्णांपैकी एक बरा होऊन घरी का जातो हे माहीत नाही. देवाची काहीतरी योजना असेल असे म्हणून ही पोकळी बुजवण्याचा मोह आम्हा पाळकांना फार असतो. मी तो आता आवरतो. ज्याला ती योजना दिसत नाही त्याच्यावर तिचे ओझे लादू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. लाजर मरण पावल्यावर प्रभूने त्याच्या बहिणींना, मार्थेला आणि मरियेला, मरणाचे कारण समजावले नाही. “आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता,” असे दोघीही त्याला म्हणाल्या. ती तक्रारच होती. त्याने ती ऐकून घेतली, आणि तो रडला.

रागाविषयी बाईंना वेगळे भय होते. देवाचा राग येतो हे त्यांनी मला जवळजवळ कुजबुजत सांगितले. बायबलमधील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतील मोठा वाटा विलापाचा आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी उजेडाची एक ओळही त्यात नाही. इतक्या पिढ्यांनी ते गाळले नाही, जपले. उपासनेत आपण स्तुतीचीच स्तोत्रे अधिक वाचतो, त्यामुळे रडणाऱ्या माणसाला वाटते की त्याच्यासाठी तेथे जागा नाही. मी बाईंना तेरावे स्तोत्र दिले. ते सहाच वचनांचे आहे, आणि त्याच्या पहिल्या दोन वचनांत ‘किती काळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो. प्रार्थना जमत नसेल तर रोज एवढेच मोठ्याने वाचा, असे मी सांगितले. पुढल्या आठवड्यात त्यांनी वाचून दाखवले ते चौथ्या वचनापर्यंत. पाचव्यात दयेवर भरवसा ठेवल्याचे म्हटले आहे, तेथे त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “हे मला अजून खोटं वाटतं.” मी म्हणालो, मग वाचू नका.

एक गोष्ट पाळकांसाठी आवर्जून लिहितो. सगळे दुःख केवळ वचनांनी आणि भेटींनी हाताळायचे नसते. बाईंची झोप पार गेली होती, वजन उतरले होते, शाळेत फळ्यापुढे उभ्या असताना त्यांना आपण काय शिकवतो आहोत हेच आठवेनासे झाले होते. चौथ्या भेटीत मी त्यांना सरळ विचारले की जीव द्यावासा वाटतो का. असे विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट आत कोंडलेले बोलायला वाट मिळते. द्यावासा वाटत नाही, पण सकाळी जाग येऊ नये असे वाटते, असे त्या म्हणाल्या. त्याच आठवड्यात मी आणि जाऊबाई त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. औषधे सुरू झाली, झोप येऊ लागली, आणि त्यानंतरच आमच्या बोलण्याला काही आधार मिळाला. मध्यरात्री कोणाला गरज पडली तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असतो. आमच्या मंडळीच्या सूचनाफलकावर तो आता लावलेला आहे. निराश होऊन मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी ठेवले, त्याला झोपू दिले, आणि पुन्हा उठवून पुन्हा खायला घातले.

मुलाच्या वडिलांविषयीही सांगितले पाहिजे, कारण घरातल्या पुरुषाला कोणी काही विचारत नाही. ते एकदाच आले. मुलाच्या मोबाइलमध्ये आपण दर महिन्याला रिचार्ज भरतो, हे वेडेपणाचे आहे का, इतकेच त्यांना विचारायचे होते. नाही, असे मी म्हटले, आणि आम्ही चहा घेतला.

शेवटच्या काही भेटींत बाईंनी विचारले की विश्वासच उरला नसेल तर मंडळीत येऊन काय करायचे. तेव्हा मी त्यांना शुभवर्तमानातील कफर्णहूम गावच्या पक्षाघाती माणसाची आठवण दिली. चौघांनी त्याला बाजेसकट उचलून आणले, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून छप्पर उसकटले आणि त्याला खाली सोडले. तेथे लिहिले आहे की प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाने एक शब्दही काढलेला नव्हता. माणसाला चालवत नाही अशा दिवसांत दुसऱ्यांनी त्याला उचलायचे असते, आणि मंडळी असते ती याचसाठी. आज बाजेवर तुम्ही आहात, बाजेचे टोक धरणे हे आमचे काम आहे, असे मी त्यांना म्हणालो.

मुलाच्या जाण्याला वर्ष झाले त्या आठवड्यात महिला मंडळाची सभा त्यांच्याच घरी ठेवली होती. कोणी भाषण केले नाही, तसे आधीच ठरले होते. पांढरा शर्ट भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला होता, नुकताच धुऊन इस्त्री केलेला. बाईंनी शास्त्र उघडले आणि तेरावे स्तोत्र वाचायला घेतले. किती काळ, किती काळ, असे करत त्या चौथ्या वचनाच्या शेवटी आल्या, थांबल्या, आणि बोट तेथेच ठेवून बसून राहिल्या. खोलीत कोणी हलले नाही. मग मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हातारीने, जिला आता वाचता येत नाही पण स्तोत्रे लहानपणापासून पाठ आहेत, उरलेली दोन वचने हळू आवाजात म्हटली.