डेटाबेसचा पासवर्ड बरोबर आहे, तरी सॉफ्टवेअरचं इन्स्टॉल अडतंय?

आधी एक कर. तोच पासवर्ड वापरून डेटाबेसमध्ये हाताने लॉगिन करून बघ. तिथे चालला आणि इन्स्टॉलर मात्र 'ॲक्सेस नाकारला' म्हणतोय, तर संशय थेट पासवर्डमधल्या चिन्हांवर घे.

होतं काय, की इन्स्टॉलर तुझा पासवर्ड उचलून कुठल्यातरी कमांडमध्ये नाहीतर कनेक्शनच्या पत्त्यात चिकटवतो. शेलमध्ये (म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दुहेरी अवतरणातला $ म्हणजे व्हेरिएबलची, साठवलेल्या मूल्याच्या नावाची, सुरुवात, त्यामुळे पुढची अक्षरं गुपचूप गायब होतात. पत्त्यात @ नंतर सर्व्हरचं नाव येतं असं ठरलेलं, म्हणून कधीकधी एरर येते ती चक्क 'होस्ट सापडत नाही' अशी! (माझी एक अख्खी रात्र नेटवर्क तपासण्यात गेली होती.) सेटिंग्ज एक्सएमएल फाइलमध्ये (खुणा घालून लिहिलेल्या मजकुराच्या फाइलमध्ये) जात असतील, तर तिला नुसता & खटकतो.

शेलमध्ये एकेरी अवतरण वापर, पत्त्यात @ ऐवजी %40 लिही. पण खरं सांगू? इन्स्टॉलर आत काय करतो ते आपल्याला दिसत नाही. सरळ फक्त अक्षरं-अंकांचा, रँडम, २४ अक्षरी पासवर्ड ठेव. चिन्हं नसली तरी तो भरपूर मजबूत असतो.

आणि हो, पुन्हा चालवण्याआधी अर्धवट तयार झालेली कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल काढून टाक, नाहीतर जुनाच पासवर्ड परत उचलला जाईल.