देवमाशांवर लावलेल्या सॅटेलाइट टॅगचे ठिकाण किती मीटरपर्यंत बरोबर असते?

२०१७ मध्ये ओमानजवळ टॅग लावलेली ‘लुबान’ ही हंपबॅक जातीच्या देवमाशाची मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याला आली. तिच्या नकाशावरचे ठिपके किती मीटरपर्यंत खरे मानावेत, असे आपण विचारले आहे. तिच्यापुरते उत्तर सोपे आहे. एवढा मोठा समुद्र पार करताना एखादा ठिपका पाच किलोमीटर चुकला, तरी ती भारतात आली ही गोष्ट बदलत नाही. खरी अडचण बारीकसारीक प्रश्नांपाशी सुरू होते आणि त्यावरून मी बराच वाद घातलेला आहे.

अशा टॅगचे संदेश उपग्रहांवर टिपून ठिकाण काढणारी यंत्रणा म्हणजे आर्गोस. तिच्या वर्गवारीत वर्ग ३ म्हणजे चूक २५० मीटरच्या आत, वर्ग २ म्हणजे ५०० मीटरच्या आत, वर्ग १ म्हणजे दीड किलोमीटरच्या आत आणि वर्ग ० म्हणजे त्यापलीकडे. हे आकडेसुद्धा सुमारे ६८ टक्के वेळाच खरे ठरतात. उपग्रहाला चारपेक्षा कमी संदेश मिळाले की ठिकाण ए किंवा बी वर्गात जाते. बुडी मारणाऱ्या प्राण्याचे बहुतेक ठिपके याच दोन वर्गांतले असतात, कारण टॅगचा अँटेना पाण्याबाहेर असतो तो फार थोडा वेळ.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यालगत समुद्रात पवनचक्क्या उभारण्याचा प्रस्ताव होता आणि त्याच्या पर्यावरण अहवालासाठी मी एका सल्लागार कंपनीत सीलच्या नोंदी तपासत असे. आमच्या वरिष्ठांचा नियम असा होता की, जमिनीवर पडलेला ठिपका पुसायचा आणि उरलेल्यांपैकी फक्त वर्ग ३, २ आणि १ ठेवायचे. टे नदीच्या मुखाशी टेंट्समूरची वाळू आहे. तिथे ओहोटीला सील येऊन पडतात आणि वाळूच्या मागे लगेच पाइनचे जंगल सुरू होते. एका सीलचे कितीतरी ठिपके त्या जंगलात पडले होते. टॅगचा ओला-सुका सेन्सर सांगत होता की प्राणी तासन्‌तास कोरडा आहे, म्हणजे तो वाळूवरच पडलेला होता. वरिष्ठांनी जंगलातले ठिपके पुसले, पण तेवढेच चुकून विरुद्ध बाजूला, म्हणजे समुद्रात पडलेले ठिपके तसेच राहू दिले. परिणामी कागदावर तो प्राणी किनाऱ्यापासून दूर खोल पाण्याकडे सरकला. आर्गोसचे उपग्रह ध्रुवांवरून उत्तर-दक्षिण फिरत असल्यामुळे त्यांची चूक पूर्व-पश्चिम दिशेला जास्त पसरते, आणि तो किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे. त्यामुळे आमची चूक नेमकी किनाऱ्याला काटकोनात, पवनचक्क्यांच्या दिशेने साचत गेली. मी हे दाखवल्यावर मला उत्तर मिळाले की, सील जंगलात फिरत नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळते.

दुसरा नियम तर माझ्या मते सरळसरळ निष्काळजीपणाचा होता. चांगल्या वर्गाचे ठिकाण मिळते ते प्राणी बराच वेळ पाण्याबाहेर असतो तेव्हा. ए आणि बी टाकून दिले की सील विश्रांती कुठे घेतो एवढेच कळते आणि अन्न कुठे शोधतो हे नकाशावरून गायब होते. पवनचक्क्यांच्या दृष्टीने तर विचारायचे होते ते हेच. बंदिस्त ग्रे सीलवर झालेल्या चाचण्यांत ए वर्ग जवळपास वर्ग १ इतका चांगला ठरला होता, बी मात्र बराच वाईट. हे प्रसिद्ध झालेले काम मी त्यांच्या टेबलावर ठेवले. ते तिथेच पडून राहिले.

त्यामुळे आपण स्वतः अशा नोंदींवर काम करणार असाल, तर एकही ठिपका हाताने पुसू नका. २०११ पासून आर्गोस कालमन गाळणी (आधीच्या ठिकाणांवरून पुढच्या ठिकाणाचा अंदाज सुधारणारी गणिती पद्धत) वापरते आणि प्रत्येक ठिकाणासोबत चूक कोणत्या दिशेला किती असू शकते हे दाखवणारे लंबवर्तुळही देते. ते घेऊन स्टेट-स्पेस मॉडेल, म्हणजे ही चूक हिशेबात धरून प्राण्याच्या खऱ्या मार्गाचा अंदाज बांधणारे गणित, चालवा. ठिपक्यांना नुसती रेघ जोडून ‘प्राण्याचा मार्ग’ म्हणणाऱ्या अहवालावर सही करू नका, वरिष्ठ कितीही रागावले तरी.

आणखी एक सांगायचे राहिले. हे सारे आर्गोसच्या डॉपलर ठिकाणांबद्दल, म्हणजे टॅगच्या संदेशाच्या वारंवारतेतील बदलावरून काढलेल्या ठिकाणांबद्दल झाले. फास्टलॉक जीपीएसचा टॅग क्षणभरात जीपीएस उपग्रहांचे संकेत टिपतो आणि गणित नंतर होते, म्हणून प्राणी थोडाच वेळ वर आला तरी ठिकाण मिळते, आणि त्याची चूक पुष्कळदा शंभर मीटरपेक्षा बरीच कमी असते. मात्र चारच उपग्रह सापडले तर तीही शेकडो मीटरवर जाऊ शकते. शिवाय माझा अनुभव सीलपुरता आहे. देवमासा वाळूवर येत नाही, त्यामुळे ओल्या-सुक्या सेन्सरने पडताळणी करण्याची सोय त्याच्याबाबतीत नसते.