काँक्रीटचं शिल्प म्हणजे नुसतं गवंडीकाम का? आणि ते गोव्याच्या हवेत टिकेल का?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. काँक्रीटला कलेत मान आहे का, तर आहे. आणि म्हापशाच्या तुमच्या अंगणात उघड्यावर ते टिकेल का, तर ते आतल्या सळईवर आहे.

मी शिल्पकारांसाठी साचे करून ओतकाम करून देतो, त्यामुळे ‘हे तर गवंडीकाम’ हा शेरा नेहमी कानावर येतो. म्हणणाऱ्याला शांतिनिकेतनात पाठवावं. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी 1938 साली तिथलं ‘संथाल कुटुंब’ सिमेंट आणि जांभ्याची खडी कालवूनच उभं केलं. त्या खडबडीत अंगामुळेच ती माणसं तिथल्या जमिनीतून वर आल्यासारखी दिसतात. आपल्याकडे तर जांभा पायाखाली आहे, दारातलं तुळशीवृंदावन आणि फाटकाच्या खांबावरचा सिंहसुद्धा पुष्कळदा सिमेंटचा असतो. त्याला कुणी नाक मुरडत नाही!

मला काँक्रीट आवडतं ते त्याला स्वतःचा चेहरा नसतो म्हणून. साच्यात जे असेल ते उमटतं. जुन्या फळ्यांत ओतलं की लाकडाच्या रेषा, गाठी, खिळ्याचं डोकंसुद्धा येतं; फटीतून सिमेंटचं पाणी गळालं तर तेवढ्या पट्टीत खडी उघडी पडते. ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीड यांनी 1993 मध्ये लंडनमधलं पाडायला काढलेलं एक अख्खं घरच साचा म्हणून वापरलं. आतून काँक्रीट फवारलं आणि मग बाहेरच्या भिंती काढून टाकल्या. उरली ती खोल्यांमधली पोकळी, घट्ट झालेली. भिंतीत खोल असलेल्या शेकोट्या तिथे फुगवटे होऊन बाहेर आल्या. त्याच वर्षी त्यांना ब्रिटनमधला मानाचा टर्नर कला पुरस्कार मिळाला आणि जानेवारी 1994 मध्ये पालिकेनं ते काम पाडलं. म्हणजे मान मिळाला तरी जागा मिळेलच असं नाही.

आता तुमचं अंगण. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटमधून मुरत सळईपर्यंत पोचतात, सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि वरचा थर फोडून टाकतो. तेव्हा लहान कामात सळई घालूच नका. काचतंतू घाला, पण सिमेंटमधल्या अल्कलीत टिकणारे. मोठ्या कामात स्टेनलेस सळई परवडली तर उत्तम. साधी घातलीत तर तिच्यावर निदान 50 मिलिमीटर काँक्रीट हवं, आणि शिल्पात नेमकी बोटं, कान, कडा इथेच ते बसत नाही. किनाऱ्यावरची रेती फुकट मिळाली तरी घेऊ नका. पाणी बेतानं घाला. ओतायला सोपं जावं म्हणून गवंडी पाइप सोडतो, तिथेच ताकद जाते. त्याऐवजी प्लास्टिसायझर, म्हणजे कमी पाण्यातही मिश्रण सैल ठेवणारं रसायन, वापरा. साचा काढल्यावर निदान आठवडाभर ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा. जांभ्याची खडी वापरणार असाल तर आधी भिजवून घ्या, नाहीतर ती मिश्रणातलं पाणी पिऊन टाकते.

पहिल्या पावसाळ्यानंतर काळं शेवाळ धरेल. मला ते शोभून दिसतं. नको असेल तर काँक्रीट सुकल्यावर सिलेनचा, म्हणजे पाणी आत मुरू न देणाऱ्या रसायनाचा, हात मारा. चकचकीत रंग मात्र नको, आत ओल राहिली तर त्याचे पापुद्रे निघतात.