ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग थरथरतं. ब्रेकची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी, पॅड जिला दाबतात ती धातूची तबकडी) बदलावी की घासून घ्यावी?

आधी जाडी मोजा. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. मायक्रोमीटरने (जाडी अचूक मोजायचं साधन) सात-आठ ठिकाणी मोजा. घासल्यावर त्या आकड्याच्या खाली जाणार असेल, तर डिस्क बदलाच. पातळ डिस्क लवकर तापते आणि तिला तडे जातात.

बदलताना एकाच ॲक्सलच्या दोन्ही बाजूंच्या डिस्क बदला, पॅडही नवेच घाला. रोजच्या वापराला कंपनीच्या मापाची साधी डिस्क उत्तम. भोकं पाडलेली दिसते छान, पण भोकांपाशीच तडे सुरू होतात. मी ती घेणार नाही.

खरी मेख हबमध्ये, म्हणजे डिस्क आणि चाक ज्या भागावर बसतात त्यात आहे. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा, नाहीतर नवी डिस्क किंचित तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत येते. डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. चाकाचे नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणारा पाना), समोरासमोरच्या क्रमाने आवळा.

गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा, हे विसरू नका! मग नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 वरून 10 पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग हळूहळू कमी करा.