अपुऱ्या दिवसांच्या बाळाला फुफ्फुसाचा जुनाट आजार (बीपीडी) आहे. डिस्चार्जनंतर खर्च कुठे होतो?

सगळ्यात मोठा खर्च एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) दिवसांचा, तो बहुतेक होऊन गेलेला असतो. पुढचा खर्च मात्र थोडाथोडा, महिनोन् महिने चालतो, आणि हिशेबात नेमका तोच राहून जातो.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं विजेचं यंत्र) शक्यतो भाड्याने घ्या. बऱ्याच बाळांचा ऑक्सिजन वर्षभरात सुटतो. पण त्याला लो-फ्लो मीटर (कमी प्रवाह मोजणारा) आहे ना, हे आधी पाहा. बाळाला मिनिटाला 0.1 ते 0.25 लिटर लागतो, मोठ्यांच्या मीटरवर इतकं बारीक मोजता येत नाही. वीज गेली तर म्हणून भरलेला सिलिंडर हवाच. नाकातल्या नळ्या शेंबडाने बुजतात, पायाच्या प्रोबची (सेन्सरची) चिकटपट्टी सुटते आणि ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) उगाच कोकलतो. हे सुटं सामान सतत लागतं.

खरा फटका पुन्हा ॲडमिट होण्याचा. पहिल्या 2 वर्षांत, विशेषतः आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूच्या संसर्गाने, साधी सर्दीही व्हेंटिलेटरपर्यंत नेऊ शकते. म्हणून आरएसव्हीच्या प्रतिबंधक इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा. यातलं पॅलिविझुमॅब, जिथे अजून मिळतं तिथे, हंगामात दरमहा, वजनानुसार (किलोला 15 मिग्रॅ) देतात, त्यामुळे वजनाबरोबर बिलही वाढतं. निरसेविमॅबचा हंगामाला एकच डोस असतो.

आईबाबांपैकी एकाची बुडणारी नोकरीही खर्चातच धरा. ऑक्सिजन मात्र पैसे वाचवायला स्वतःहून कमी करू नका: वजन वाढणं थांबतं आणि हृदयावर ताण येतो.