सगळ्यात विलक्षण पूल कोणता? माझं मत गवताच्या पुलाला

तुम्ही विचारलंय, "जगातला सगळ्यात विलक्षण पूल कोणता? विक्रमांची यादी नको, तुम्हाला स्वतःला कोणता वाटतो आणि का, ते सांगा." असा प्रश्न क्वचित कुणी विचारतं, म्हणून सविस्तर लिहिते. मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकले आणि तेव्हापासून पुलांबद्दल मिळेल ते वाचत आले आहे. इतक्या वर्षांनंतरही माझं उत्तर एकच आहे: पेरू देशातला क्वेस्वाचाका. लांबी जेमतेम 28 मीटर, बांधणी गवताची आणि आयुष्य साधारण एक वर्ष.

कुस्को भागात अपुरिमाक नदीच्या घळीवर हा पूल आहे. दरवर्षी जून महिन्यात नदीच्या दोन्ही बाजूंच्या, क्वेचुआ या तिथल्या मूळ रहिवाशांच्या चार वस्त्यांमधले लोक एकत्र येतात आणि तो नव्याने विणतात. डोंगरावर वाढणारं चिवट गवत कापायचं, भिजवायचं, दगडाने ठेचून मऊ करायचं आणि हातांवर वळून त्याची बारीक दोरी करायची. प्रत्येक कुटुंबाने आपल्या वाट्याची दोरी आणायची असते. मग या बारीक दोऱ्या पिळून मध्यम दोर होतात आणि मध्यम दोरांची वेणी घालून मांडीएवढे जाड दोर. असे सहा दोर लागतात. चार पायाखाली, दोन हातांना धरायला. नवे दोर घळीवरून ओढून दोन्ही काठांच्या दगडी आधारांना घट्ट बांधले, की जुना पूल कापून खाली नदीत सोडून देतात. गवतच ते, पाण्यात कुजून जातं. शेवटी अनुभवी विणकर दोन्ही टोकांनी बसत बसत पुढे सरकतात, हातांचे दोर आणि पायांचे दोर यांच्यामध्ये जाळी विणत जातात आणि मधोमध भेटतात. आरंभ धरणीमातेला नैवेद्य दाखवून होतो, शेवट नाचगाण्याने. सगळं मिळून तीन-चार दिवस.

इंका साम्राज्याच्या रस्त्यांवर एके काळी असे अनेक झुलते पूल होते. त्या पद्धतीने दरवर्षी विणला जाणारा हा शेवटचा उरला आहे. त्याच्या जवळच वाहनांसाठी पक्का पूल आहे, म्हणजे पलीकडे जाण्यासाठी गवताच्या पुलाची आता गरज उरलेली नाही. तरी तो विणला जातो. 2013मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत तो दरवर्षी नव्याने विणण्याच्या ज्ञानाची आणि विधींची नोंद केली. मला यातला 'अमूर्त' हा शब्द फार नेमका वाटतो, कारण त्या पुलात वर्षभरापेक्षा जुनी एक काडीही नसते. पाचशे वर्षं टिकलं आहे ते विणण्याचं ज्ञान, आणि तेही कागदावर नव्हे. आजोबांच्या हातातून मुलाच्या, मुलाच्या हातातून नातवाच्या.

"हे तर लोककलेचं कौतुक झालं, अभियांत्रिकीचं काय?" असं तुमच्या मनात आलं असेल. म्हणून एक गोष्ट जरा लांबवून सांगते. ती आहे झुलते पूल आणि वारा यांची.

लोखंडी झुलते पूल नवे होते तेव्हापासून वाऱ्याने त्यांना छळलं. वेल्समधल्या मेनाय पुलाचा रस्ता 1839च्या वादळात मोडला. अमेरिकेत ओहायो नदीवरचा व्हीलिंगचा पूल बांधला तेव्हा त्याचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, जगात सर्वांत लांब होता. 1854मध्ये तो वाऱ्यात पिळवटून कोसळला. हे सगळं बारकाईने अभ्यासणारा एक अभियंता होता, जॉन रोब्लिंग. त्याने ठरवून टाकलं की झुलता पूल नुसता टांगून भागत नाही. त्याला वजन हवं, रस्त्याच्या कडेने ताठर जाळीदार तुळया हव्यात आणि मनोऱ्यांपासून रस्त्यापर्यंत तिरक्या तारांचा जादा ताण हवा. त्यानेच आखलेल्या न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा फोटो पाहिलात, तर उभ्या तारांना छेदत जाणाऱ्या तिरक्या तारांचं जाळं दिसेल. लोक ते शोभेचं समजतात. मला त्यात व्हीलिंगची आठवण दिसते.

ब्रुकलिनचं नाव निघालंच आहे, तर तिथे थोडं थांबते, कारण हा पूल तीन माणसांमधून पार पडला. 1869मध्ये मोजणी करत असताना जॉन रोब्लिंगचा पाय होडीच्या धक्क्यावर चिरडला आणि काही आठवड्यांत तो धनुर्वाताने गेला. काम मुलाकडे, वॉशिंग्टनकडे आलं. मनोऱ्यांचे पाये नदीच्या तळाखाली न्यायचे होते. त्यासाठी केसॉन वापरले. केसॉन म्हणजे लाकडाची प्रचंड पालथी पेटी. ती तळावर टेकवायची, आत दाबाने हवा भरून पाणी बाहेर ठेवायचं आणि माणसांनी आत उतरून तळ खणत राहायचं. वर दगडी मनोरा चढत जातो तसतशी त्याच्या भाराने पेटी खाली उतरते. खोली वाढली तसा हवेचा दाब वाढवावा लागला आणि बाहेर आल्यावर कामगार दुखण्याने वाकडेतिकडे होऊ लागले. दाब झपाट्याने उतरला की रक्तात विरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, हे तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. काही जण दगावले. स्वतः वॉशिंग्टन त्याच आजाराने अंथरुणाला खिळला. मॅनहॅटनच्या बाजूचा पाया सुमारे 24 मीटर खोलीवर थांबवण्याचा निर्णय त्याचाच होता. खाली अजून खडक लागलेला नव्हता, पण वाळूचा थर इतका घट्ट बसलेला होता की तो हलणार नाही, असं त्याने ठरवलं. तो मनोरा आजही वाळूवर उभा आहे.

पुढची सुमारे दहा वर्षं वॉशिंग्टन घराच्या खिडकीतून दुर्बिणीने काम पाहत राहिला, आणि त्याच्या व कामाच्या मध्ये उभी राहिली त्याची बायको एमिली. सुरुवातीला ती निरोप नेत होती. मग केबलचं गणित, साहित्याची ताकद, करारांच्या अटी असं एकेक शिकत गेली आणि अभियंत्यांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागली. मध्येच केबलच्या तारेच्या पुरवठादाराची लबाडी उघडकीला आली. तपासणीत पास झालेली तार वाटेत बदलून नापास तार पुलावर पोचत होती. विणलेली तार काढणं शक्य नव्हतं. जॉनने केबल गरजेच्या सहापट मजबूत धरलेली होती. वाईट तार धरूनही सुमारे पाचपट ताकद उरते, असा हिशोब वॉशिंग्टनने केला आणि प्रत्येक केबलमध्ये सुमारे 150 तारा जास्त घालायला लावल्या. ती वाईट तार आजही आत आहे. 24 मे 1883 रोजी पूल खुला झाला. त्याआधी गाडीतून तो सर्वांत पहिल्यांदा ओलांडला तो एमिलीने, विजयाची खूण म्हणून मांडीवर एक कोंबडा घेऊन. जॉनचं ज्ञान वॉशिंग्टनमध्ये आणि वॉशिंग्टनचं एमिलीमध्ये उतरलं नसतं, तर पूल अर्धवटच राहिला असता. क्वेस्वाचाकाच्या विणकरांपेक्षा हे काही फार वेगळं नाही.

आता याची दुसरी बाजू. पुढच्या पन्नास वर्षांत झुलते पूल लांब आणि सडपातळ होत गेले. गणितं अधिक नाजूक झाली, हिशोबात बचत दिसू लागली आणि रोब्लिंगने वजनाबद्दल, ताठरपणाबद्दल सांगितलेलं हळूहळू मागे पडलं. 1 जुलै 1940 रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात टॅकोमा नॅरोज पूल खुला झाला. गाळा 853 मीटर, रुंदी फक्त 12 मीटर. आधीच्या आराखड्यातल्या खोल जाळीदार तुळया महाग पडतात, म्हणून 2.4 मीटर उंचीचे भरीव गर्डर, म्हणजे जाळी नसलेल्या सलग पोलादी तुळया, बसवले होते. बांधकाम चालू असतानाच तो लाटेसारखा हलायचा. 7 नोव्हेंबरला सकाळी ताशी साधारण 64 किलोमीटरचा वारा होता, वादळ म्हणावं असं काही नव्हतं. पूल अचानक दोन्ही कडांनी आलटूनपालटून वरखाली पिळायला लागला आणि अकराच्या सुमारास मधला भाग खाडीत पडला. माणूस एकही गेला नाही. एका गाडीत अडकलेला कुत्रा मात्र वाचला नाही.

इथे एक दुरुस्ती करते, कारण ही चूक कित्येक पाठ्यपुस्तकांत आहे. "वाऱ्याची लय पुलाच्या नैसर्गिक लयीशी जुळली, अनुनाद झाला आणि पूल पडला" असं शिकवतात. मलाही तसंच शिकवलं होतं. प्रत्यक्षात तो स्थिर, एकसारखा वाहणारा वारा होता, त्याला कसलीही लय असण्याची गरज नव्हती. पूल किंचित पिळला की वारा त्याच्या कडेवर वेगळ्या कोनाने आदळतो, त्यामुळे तो आणखी पिळतो, आणि प्रत्येक हेलकावा वाऱ्यातून पुढच्या हेलकाव्याची ताकद ओढून घेतो. याला फ्लटर म्हणतात. भरीव गर्डरमुळे वाऱ्याला आरपार जायला जागाच नव्हती. व्हीलिंगला 86 वर्षं उलटली होती आणि तोच धडा पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागला. यानंतर मात्र मोठ्या झुलत्या पुलांच्या प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात तपासणं नेमाचं झालं. जपानच्या आकाशी काइक्यो पुलासाठी शंभरावा हिस्सा आकाराची, म्हणजे सुमारे 40 मीटर लांबीची प्रतिकृती तपासली होती. याच पुलाचे मनोरे आणि केबल तयार असताना जानेवारी 1995मध्ये कोबेचा भूकंप झाला. दोन मनोरे जवळजवळ एक मीटरने एकमेकांपासून दूर सरकले. अभियंत्यांनी रस्त्याच्या भागांची मापं बदलली आणि 1990 मीटरचा ठरलेला गाळा 1991 मीटरचा झाला. 1998पासून 2022पर्यंत तोच जगातला सर्वांत लांब गाळा होता.

स्कॉटलंडचा फोर्थ पूल यातच बसतो. 28 डिसेंबर 1879च्या वादळी रात्री टे नदीवरचा रेल्वेपूल आगगाडीसकट कोसळला, गाडीतलं कुणीही वाचलं नाही. त्याच अभियंत्याचा, थॉमस बाउचचा, फोर्थच्या खाडीवर झुलता पूल ठरला होता. तो आराखडा रद्द झाला आणि 1890मध्ये उभा राहिला तो कॅन्टिलिव्हर पद्धतीचा, म्हणजे खांबांपासून दोन्ही बाजूंना पुढे काढलेल्या भक्कम हातांवर तोललेला, 521 मीटरच्या दोन गाळ्यांचा अवाढव्य पोलादी पूल. काही लोकांना तो बोजड वाटतो. मला तो अतिशय सुंदर वाटतो, कारण लोकांचा गेलेला विश्वास परत मिळवण्यासाठी तो मुद्दाम इतका भक्कम दिसतो.

ज्ञान दगडातही राहतं. बोस्नियातल्या मोस्तार शहरात नेरेत्वा नदीवर 1566मध्ये ऑटोमन स्थपती मिमार हैरुद्दीन याने सुमारे 29 मीटर गाळ्याची एकच दगडी कमान उभी केली. 427 वर्षं ती उभी होती. 9 नोव्हेंबर 1993 रोजी युद्धात तोफगोळ्यांचा मारा करून ती पाडली. नंतर पाणबुडे लावून नदीतून जुने दगड वर काढले, पण बहुतेक पुन्हा वापरण्याजोगे राहिले नव्हते. मग तिथल्याच जातीचा दगड नव्याने घडवला, आणि दगड एकमेकांना जखडायला लोखंडी आकडे घालून त्यांच्या खाचांत वितळलेलं शिसं ओतण्याची जुनी पद्धत पुन्हा वापरली. 2004मध्ये पूल खुला झाला. तो 'खरा' की नक्कल, असा वाद घालणारे भेटतात. क्वेस्वाचाकाच्या लोकांना हा प्रश्नच समजणार नाही, असं मला वाटतं.

बाकी कितीतरी पूल राहिले. मेघालयातले रबराच्या झाडाच्या जिवंत मुळांचे पूल मात्र सोडवत नाहीत. ओढ्यापलीकडे मुळं वळवून न्यायला आणि पूल चालण्याजोगा व्हायला दशकं जातात. म्हणजे लावणारा माणूस बहुतेक वेळा नातवंडांसाठी पूल लावतो, आणि वय वाढतं तसा तो पूल मजबूत होत जातो. आणि होन्डुरासमधला चोलुतेकाचा पूल. 1998च्या मिच चक्रीवादळात तो जवळपास शाबूत राहिला, पण दोन्ही बाजूंचे रस्ते वाहून गेले आणि नदीनेच पात्र बदललं. पुढची काही वर्षं तो भक्कम पूल नदीशिवाय, रस्त्याशिवाय उभा होता. पुलावर कितीही मेहनत घेतली, तरी नदी आपल्या आराखड्यात नसते.

आता पुन्हा अपुरिमाकच्या घळीकडे. 2020च्या जूनमध्ये महामारीमुळे लोकांना जमता आलं नाही आणि पूल विणायचा राहिला. जुन्या गवताने आणखी काही महिने तग धरला आणि मार्च 2021मध्ये पूल तुटून खाली लोंबकळला. नव्या दोरांची पहिली ओढ जुन्या पुलाच्या आधाराने पलीकडे न्यायची असते, आणि या वेळी तो आधारच नव्हता. तरी त्याच वर्षी जूनमध्ये चारही वस्त्यांमधले लोक नव्या गवताच्या दोऱ्या घेऊन घळीपाशी आले, दोर पलीकडे नेले आणि दोन्ही काठांवरून विणायला बसले.